ही सही खरी कशावरून?

प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकून आणणारा एखादा तरी विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला येतो. तो पकडला कसा जातो, हे आठवून पाहा. अक्षरांचा आकार बहुधा बरोबर असतो. किंबहुना जरा जास्तच बरोबर असतो. वडील कामावर निघण्याच्या घाईत, उभ्या उभ्या, प्रगतिपुस्तक भिंतीला टेकवून सही करतात. मुलगा मात्र टेबलाशी बसून, मागच्या महिन्याच्या सहीकडे बघत बघत ती ‘काढतो’. लिहिलेली सही आणि काढलेली सही यांतला फरक आपल्याला जाणवतो. पण नेमके काय दिसले ते सांगा म्हटले, तर पंचाईत होते.

हे ‘नेमके काय’ शोधण्याची वेळ माझ्यावर एका शाळासोबत्यामुळे आली. तो बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे. मागच्या हिवाळ्यात तो पुण्याला आला तो एक जुने रेकॉर्ड-कव्हर घेऊन. ‘प्लीज प्लीज मी’ ही बीटल्सची पहिली एल.पी. रेकॉर्ड २२ मार्च १९६३ रोजी इंग्लंडमध्ये निघाली. तिचे हे कव्हर, आणि त्याच्या मागच्या बाजूला चौघांच्या निळ्या बॉलपेनने केलेल्या सह्या. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, रिंगो स्टार. एका लहानशा लिलावात त्याने ते घेतले होते. सोबत चकाकत्या चिकटपट्टीचे ‘अस्सलतेचे प्रमाणपत्र’ होते. मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून ही खरेदी झाली होती आणि दोन वर्षांनी दुप्पट भावाने विकायचा त्याचा बेत होता. तो म्हणाला, “तुझ्याकडे सूक्ष्मदर्शी आहे, एकदा बघ ना.” मी हस्ताक्षरतज्ज्ञ नव्हे. माझे काम प्लॅस्टिकच्या पातळ थरांवरचे. पण एका शनिवारी दुपारी आम्ही दोघे ते कव्हर घेऊन प्रयोगशाळेत बसलो.

आधी अशा वस्तूंच्या बाजाराविषयी थोडेसे. नामवंत गायक-वादकांनी सही केलेल्या रेकॉर्डी, छायाचित्रे, गिटारी यांचे लिलाव युरोप-अमेरिकेत नेहमी होतात आणि त्यांत मोठ्या रकमा फिरतात. रक्कम मोठी आणि वस्तू बनवायला सोपी, अशी जोडी जमली की बनावट माल येणारच. अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपासयंत्रणेने १९९० च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोठी मोहीम चालवली; ऑक्टोबर १९९९ मध्ये अनेक ठिकाणी एकाच वेळी छापे घातले. माल मुख्यतः खेळाडूंच्या खोट्या सह्यांचा होता, पण इतर प्रसिद्ध व्यक्तीही त्यातून सुटल्या नव्हत्या. ज्यांना सर्वाधिक मागणी आहे अशा सह्यांपैकी निम्म्याहून अधिक खोट्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज त्या वेळी एफ.बी.आय.ने दिला होता. गंमत अशी की या टोळीने सह्यांबरोबर प्रमाणपत्रेही बनवली होती. जो सही बनवू शकतो त्याला प्रमाणपत्र बनवणे काय कठीण?

आता सहीकडे वळू. सहीच्या तपासणीतला मूळ सिद्धांत ऐकायला उलटा वाटतो: एकाच माणसाच्या दोन खऱ्या सह्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात. हात हे यंत्र नव्हे. लांबी, तिरपेपणा, दाब, शेवटचा फटकारा हे सारे दर वेळी थोडे थोडे बदलते, पण एका मर्यादेत. त्या माणसाच्या स्वाभाविक बदलाची ही मर्यादा कळण्यासाठी एक नमुना पुरत नाही, पुष्कळ लागतात. दोन सह्या हुबेहूब जुळल्या, तर त्यांपैकी निदान एक नक्कल आहे असे समजावे.

हा मुद्दा आकड्यांनी मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत एका मृत्युपत्राच्या खटल्यात झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सिल्व्हिया अ‍ॅन हाउलँड ही धनाढ्य बाई १८६५ मध्ये वारली. सुमारे वीस लाख डॉलरची तिची मालमत्ता. तिच्या भाचीने एक जुने मृत्युपत्र पुढे केले आणि त्याला जोडलेल्या पानावरची सही खोटी आहे, मूळ सहीवर कागद ठेवून ती गिरवली आहे, असा प्रतिपक्षाने आरोप केला. हार्वर्डचे गणिती बेंजामिन पर्स यांची साक्ष झाली. त्यांचे चिरंजीव चार्ल्स पर्स (पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजले ते हेच) यांनी बाईंच्या ४२ सह्यांची छायाचित्रे एकमेकांवर ठेवून पाहिली होती. ४२ सह्यांच्या ८६१ जोड्या होतात. प्रत्येक सहीत वरून खाली ओढलेल्या ३० रेघा. म्हणजे एकूण २५,८३० तुलना. त्यांपैकी ५,३२५ वेळा रेघा जुळल्या, म्हणजे साधारण पाचात एकदा. वादग्रस्त जोडीत मात्र तिसांच्या तीस रेघा जुळत होत्या. पर्स यांनी १/५ या संभाव्यतेचा तिसावा घात काढला. ५ चा ३० वा घात म्हणजे ९३ वर जवळजवळ १९ शून्ये. इतक्या जोड्यांत एकदा असा योग येईल, अशा अर्थाची साक्ष त्यांनी दिली.

दहावी-बारावीच्या हुशार विद्यार्थ्यांसमोर हे गणित अवश्य मांडावे आणि त्यात चूक कुठे आहे ते विचारावे. संभाव्यतांचा गुणाकार तेव्हाच करता येतो जेव्हा घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतात. सहीतल्या रेघा तशा नसतात. त्याच टेबलावर, त्याच टाकाने, एकापाठोपाठ केलेल्या दोन सह्यांत पहिली रेघ जुळली तर दुसरी जुळण्याची शक्यता पाचात एकापेक्षा बरीच वाढते. तेव्हा शून्यांची ती माळ खरी नव्हे. पर्स यांचा निष्कर्ष चुकला असे मी म्हणत नाही. तिसांपैकी तीस जुळणे संशयास्पद आहेच. पण ‘संशयास्पद’ या शब्दावर १९ शून्ये लावली की ऐकणाऱ्याचे डोके बंद होते, आणि ते वाईट. न्यायालयाने १८६८ मध्ये निकाल दिला तो भाचीच्या विरुद्ध, पण तिची साक्ष कायद्याने ग्राह्य नाही या कारणावरून. गणित बाजूलाच राहिले.

हाच नियम दीडशे वर्षांनी संगीताच्या जगात पुन्हा उपयोगी पडला. गायक बॉब डिलन (२०१६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक यांनाच मिळाले) यांचे आधुनिक गाण्यांविषयीचे पुस्तक नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाले. प्रकाशकांनी ९०० प्रती डिलन यांनी हाताने सही केलेल्या म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलरना विकल्या. सोबत तसे पत्रही दिले. प्रती घरी पोचताच लोकांनी आपापल्या सहीची छायाचित्रे एकमेकांना दाखवली, आणि काही सह्या एकमेकींवर ठेवल्या तर रेघन्‌रेघ जुळतात असे आढळले. हात असे करत नाही. सही करणारे यंत्र करते. यंत्रात सहीचा एक साचा असतो आणि यांत्रिक बाहूत धरलेले पेन त्या साच्याबरहुकूम फिरते. प्रकाशकांनी पैसे परत केले. डिलन यांनीही जाहीर माफी मागितली आणि २०१९ पासून भोवळीच्या त्रासामुळे यंत्राचा आधार घेतल्याचे सांगितले. लक्षात घ्या, येथे एकटी सही घेऊन बसलेल्या माणसाला काहीही कळले नसते. दुसऱ्याची सही शेजारी आली तेव्हाच बिंग फुटले.

असो. आमच्या कव्हराकडे येऊ. पहिली तपासणी कालक्रमाची. तिला उपकरण लागत नाही, फक्त तारखा पाठ लागतात. वस्तू, लेखणी आणि माणूस ही तिन्ही एकाच काळात असायला हवीत. बडी हॉली हा गायक ३ फेब्रुवारी १९५९ रोजी विमान अपघातात गेला. ‘शार्पी’ हा पक्क्या शाईचा मार्कर बाजारात आला १९६४ मध्ये. तेव्हा शार्पीने केलेली हॉलीची सही किती का सुबक असेना, ती टाकून द्यायची. अमेरिकेत बॉलपेनची विक्री धडाक्याने सुरू झाली ती ऑक्टोबर १९४५ मध्ये. त्याआधी वारलेल्या कलावंताची बॉलपेनची सही तशीच निकालात निघते. बीटल्सच्या बाबतीत तारखा आणखी उपयोगी पडतात. त्यांचा तिकीट लावून झालेला शेवटचा जलसा २९ ऑगस्ट १९६६ चा. पुढे चौघे एकत्र सापडणे कठीण होत गेले आणि १९७० मध्ये ते वेगळेच झाले. म्हणून सप्टेंबर १९६९ च्या ‘अ‍ॅबी रोड’ वर किंवा मे १९७० च्या ‘लेट इट बी’ वर चौघांच्याही सह्या दिसल्या की जाणकार प्रथम भुवया उंचावतात. १९६३ च्या रेकॉर्डीवर चारही सह्या असणे त्या मानाने स्वाभाविक. आमचे कव्हर ही परीक्षा उत्तीर्ण झाले.

दुसरी तपासणी कागदाची. साधारण १९५० नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने घालू लागले. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. नोटा तपासायच्या यंत्रातला जांभळा दिवा वर्गात आणून वहीचा कागद त्याखाली धरा, तो निळा उजळेल. नोटेचा कागद तसा उजळत नाही. १९३० च्या म्हणून विकल्या जाणाऱ्या छायाचित्राचा कागद असा लखलखला तर प्रश्न मिटला. १९६३ च्या वस्तूबाबत मात्र ही कसोटी काही सांगत नाही. शिवाय आमचे कव्हर जुनेच होते, त्याची छपाईही अस्सल होती. त्याने काय सिद्ध होते? काहीच नाही. सही नसलेली जुनी कव्हरे सहज मिळतात, आणि नकली सह्या करणारा सुरुवात तिथूनच करतो.

तिसरी गोष्ट शाई. डोळ्यांना सारख्याच निळ्या दिसणाऱ्या दोन बॉलपेनच्या शाया अवरक्त प्रकाशात वेगळ्या वागू शकतात; एक दिसेनाशी होते, दुसरी काळीच राहते. आमच्या चारही सह्या सारख्याच फिक्या पडल्या. यावरून मित्राचा चेहरा पडला, पण मी त्याला थांबवले. चाहत्याने आपले एकच पेन चौघांच्या हाती फिरवले असेल तर असेच दिसायला हवे! शाईचे वय सांगता येते का, हा त्याचा पुढचा प्रश्न. बॉलपेनच्या शाईत फिनॉक्सीइथेनॉल नावाचा द्रावक बहुधा असतो, आणि तो हळूहळू उडून जातो. त्याचे प्रमाण मोजून सही अगदी ताजी आहे का ते कळू शकते. पण पहिल्या दोनेक वर्षांनंतर त्यात फारसा बदल होत नाही. दहा वर्षांची सही आणि पन्नास वर्षांची सही यांत तो भेद करू शकत नाही. त्यातून नमुन्यासाठी सहीचा बारीकसा तुकडा काढावा लागतो, आणि हजारो पौंडांच्या वस्तूला भोक पाडायला कोण तयार होईल?

उरला आमचा साधा, दोन डोळ्यांनी पाहायचा सूक्ष्मदर्शी. चाळीसपट मोठे केले की बॉलपेनची रेघ ही रेघ राहत नाही, ती एक घळ दिसते. गोळी कागद दाबत जाते. वेगाने जाताना घळ उथळ आणि टोके निमुळती होतात, कारण पेन कागदावर विमानासारखे उतरते आणि तसेच उडते. सावकाश काढलेल्या सहीची टोके बोथट असतात. पेन आधी टेकते, मग चालू लागते. मध्येच थांबले की तिथे शाईचा ठिपका साचतो. ‘जॉर्ज’ या नावात मला असे दोन थांबे मिळाले. वेगाने सही करणारा माणूस अक्षराच्या पोटात थांबत नाही. त्याहून अधिक खटकले ते दुसरेच. चार नावे चार वेगळ्या वळणांची होती, पण दाब चारही ठिकाणी सारखा, रेघेची चाल सारखी. चार पोशाख घातलेला एकच नट रंगमंचावर येऊन जावा तसे वाटत होते.

मग कडा पाहिल्या. जुन्या कव्हरावर आतल्या तबकडीच्या कडेने घासून एक गोल खूण पडते. तिथे छपाईचा गुळगुळीत थर जातो आणि खालचे तंतू उघडे पडतात. आमच्या कव्हरावर ‘पॉल’ मधली एक रेघ या गोल खुणेवरून जात होती. सही आधी आणि घासणे नंतर असेल, तर शाईही घासली जाऊन रेघ तिथे तुटक व्हायला हवी. सूक्ष्मदर्शीखाली मात्र शाई उघड्या तंतूंत शिरून दोन्ही बाजूंना पसरलेली होती, टीपकागदावर पसरते तशी. म्हणजे कव्हर आधी झिजले आणि सही नंतर झाली. मित्राला मी खुर्चीवर बसवून स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लावले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

याने खटला संपतो का? नाही. चौघांनी एखादे दोन-तीन वर्षांचे, वापरून झिजलेले कव्हर सही करण्यासाठी हाती घेतलेच नसेल असे कोण म्हणेल? शिवाय ‘खरी’ म्हणजे कोणती, हाही घोळ आहेच. मागणी इतकी होती की बीटल्सचे प्रवासव्यवस्थापक नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल एव्हान्स हेही त्यांच्या वतीने सह्या करत. चौघांपैकी एखादा दुसऱ्याचीही सही ठोकून देई. त्या काळच्या, त्याच खोलीतल्या, पण वेगळ्या हाताच्या सह्या! त्या फसवणुकीच्या हेतूने केलेल्या नव्हत्या, तरी लिलावात त्यांना पूर्ण भाव मिळत नाही.

मित्र म्हणाला, “टक्क्यांत सांग.” हा प्रश्न शास्त्रज्ञाला नेहमी विचारतात आणि त्याचे उत्तर केवळ सूक्ष्मदर्शीत नसते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एक तपासनीस १०० खऱ्या सह्यांपैकी ९५ बरोबर ओळखतो, पण १०० खोट्यांपैकी २० त्याला चकवून जातात. बाजारात १०० खऱ्या आणि १०० खोट्या असल्या, तर त्याने ‘खरी’ म्हटलेल्या ११५ पैकी २० खोट्या निघतील, सहात एक. आता त्याच तपासनिसाला अशा बाजारात बसवा जिथे २०० पैकी २०च खऱ्या आहेत. तो १९ खऱ्या आणि ३६ खोट्या पास करील. त्याने ‘खरी’ म्हटलेल्यांपैकी दोन-तृतीयांश खोट्या! तपासनीस तोच, डोळा तोच, बाजार बदलला. स्वस्त सह्यांच्या लहान लिलावात वस्तू घेताना हा दुसरा बाजार डोळ्यांपुढे ठेवावा. किंमत हीसुद्धा एक साक्ष आहे. चौघांच्या खऱ्या सह्यांचे कव्हर इतक्या थोडक्यात कोणी का विकावे, हे मित्राने खरेदीआधी स्वतःला विचारायला हवे होते. मीही त्याच्या जागी विचारले नसते, ही गोष्ट वेगळी.

मग खात्रीची सही मिळतच नाही का? मिळते, पण ती खात्री बहुधा शाईतून येत नाही, इतिहासातून येते. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये आपल्या घराच्या दाराशी जॉन लेनन यांनी एका तरुणाला ‘डबल फँटसी’ या रेकॉर्डीवर सही दिली. तो क्षण एका छायाचित्रकाराने टिपला. काही तासांनी त्याच तरुणाने त्यांना गोळ्या घातल्या. ती रेकॉर्ड त्या जागी एका माणसाला सापडली, त्याने पोलिसांकडे दिली, तिच्यावर खुन्याच्या बोटांचे ठसे मिळाले आणि ती पुरावा म्हणून नोंदली गेली. नंतर सापडणाऱ्याला ती परत मिळाली. २०२० मध्ये ती नऊ लाख डॉलरना विकली गेली. छायाचित्र, ठसे, पोलिसांची नोंद, हातांची न तुटलेली साखळी: त्या सहीइतकी भक्कम साक्ष क्वचितच कुठल्या सहीला असेल. तिला कोणी भिंतीवर कशी लावतो, हे मात्र मला समजत नाही.

आमच्या कव्हराला अशी साखळी नव्हती. कुठून आले, तर ‘एका जुन्या संग्रहातून’. मी दोन पाने टिपण आणि सूक्ष्मदर्शीतली छायाचित्रे मित्राला दिली. निष्कर्ष म्हणून लिहिले की या सह्या त्या चौघांच्या असण्याची शक्यता मला फार थोडी वाटते. ती त्याने विक्रेत्याला पाठवली. प्रमाणपत्र देणाऱ्याचे मत अंतिम राहील, असे विक्रीच्या अटींत छापलेले होते, असे उत्तर आले. त्याने पुढे तक्रार केली आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे यात बरेच आहे. प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका कोऱ्या कागदावर वीस सह्या घ्या. दहा बसून, दहा उभ्याने. कागदाला कोपऱ्यात फक्त क्रमांक द्या. मग शेजाऱ्याला त्यांपैकी एकीची नक्कल करायला सांगा: एकदा सावकाश, एकदा भरभर. खऱ्या सह्यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून सरासरी आणि विचलन काढा. नक्कल त्या मर्यादेत बसते का ते पाहा. लांबी बहुतेक बसेल. मग दहापट भिंग घेऊन रेघांची सुरुवात आणि शेवट तपासा, आणि कोणती नक्कल ते तिसऱ्याच विद्यार्थ्याला ओळखायला सांगा. किती वेळा बरोबर आले, किती वेळा चुकले, दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. खऱ्या सहीला खोटी म्हटले ते वेगळ्या रकान्यात. शाईसाठी दोन-तीन कंपन्यांच्या निळ्या बॉलपेनचे ठिपके गाळणकागदाच्या पट्टीवर काढून पट्टीचे टोक स्पिरिटमध्ये उभे करा. रंग वेगळे होऊन वर चढतील. स्पिरिटजवळ ज्योत नको. सह्यांचे कागद टाकू नका. वर्षभराने त्याच मुलांकडून पुन्हा वीस सह्या घ्या. विशेषतः आठवी-नववीतल्या मुलांच्या सह्या एका वर्षात इतक्या बदलतात की जुन्या नमुन्यांवरून नवी सही बरेचदा खोटीच ठरते.